वरून दिसणारी मिल

दौलतरावांना रत्नपालचा पहिल्यांदा हेवा वाटला तेव्हा त्यांना वाटलं, आपल्याला पित्त झालंय. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या छातीत काही जळजळलं की तो आधी कचोरीला दोष देतो. त्यांनी थंड दूध घेतलं, आठवडाभर सराफ्याच्या खाऊगल्लीकडे फिरकले नाहीत. रविवार उजाडला, रत्नपालची स्कूटर धूळ उडवत मैदानात शिरली, आणि कचोरी बिचारी निर्दोष ठरली.

हे मैदान इंदूरच्या पोलोग्राउंडच्या मागच्या अंगाला, बंद मिलच्या लांबलचक भिंतीला चिकटून होतं. पूर्वी तिथे कापसाच्या गाठी उतरायच्या. मिलला कुलूप लागून दहा-एक वर्षं झाली होती, आणि आता तिथे आठवडाभर बकऱ्या चरायच्या नि रविवारी सकाळी मोठी माणसं विमानं उडवायची. खेळण्यातली म्हटलं तर दौलतरावांना राग यायचा. चार-पाच फुटी पंखांची, एरंडेलाच्या वासाचा धूर सोडणारी, हातातल्या रेडिओच्या दोन दांड्यांवर नाचणारी ती विमानं बांधायला महिने लागत आणि पडायला पापणी लवण्याइतका वेळ. दौलतराव या मंडळींचे उस्ताद. मिलच्या वर्कशॉपात असताना त्यांनी पतंगाच्या कामट्या आणि थर्माकोल जोडून पहिलं विमान केलं होतं. मिल गेली, मग पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझरी मिळाली. तिथला मालक वयानं त्यांच्या मुलासारखा, आणि हाक मारायचा 'दौलत' अशी. तेव्हा सोमवार ते शनिवार ते दौलत असत आणि रविवारी दौलतराव. होळकरांच्या घोडदळात पणजोबा होते, हे त्यांना रविवारीच आठवायचं.

रत्नपाल महूचा. वडील फौजेत होते, त्यामुळे पाठ सरळ आणि बूट चकचकीत. तो इंदूरला आला तो केबल टीव्हीच्या तारा खांबांवर चढवायला, आणि चढता चढता पार पलासियाच्या बड्या दुकानांत कॅमेरे बसवून देण्यापर्यंत पोचला. नव्या काळाची जी हवा मिलच्या दारावर कुलूप होऊन आली, तीच रत्नपालच्या गच्चीवर डिशची छत्री होऊन उघडली. त्यात त्याचा काही दोष नव्हता. दौलतराव हे स्वतःला अनेकदा सांगत.

त्याला उडवायला शिकवलं दौलतरावांनीच. आपला जुना रेडिओ देऊन टाकला, त्याच्या विमानाचे पंख स्वतः बांधून दिले. रेडिओ त्यांचाच जुना, म्हणून दोघांचा नंबर, म्हणजे ज्या लहरीवर विमान ऐकतं ती, एकच. आणि एका नंबरच्या दोन रेडिओंचं सवतींसारखं असतं. एकाचं विमान हवेत असताना दुसऱ्यानं नुसता आपला रेडिओ चालू केला, तरी वरच्या विमानाला कोणाचं ऐकावं कळत नाही आणि ते दगडासारखं खाली येतं. म्हणून मैदानात कडुलिंबाला एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर नंबर, आणि प्रत्येक नंबराला कपडे वाळत घालायचा एक चिमटा. ज्याच्या अँटेनाला चिमटा, त्याचाच रेडिओ चालू. बाकीच्यांनी अँटेना ओढायचीसुद्धा नाही. मैदानात शिव्या चालत, उधारीवर तेल चालायचं, पण बिनचिमट्याची अँटेना म्हणजे देवघरात चप्पल.

अशोकभिया म्हणून एक दातांचे डॉक्टर होते. ते तयार विमानं विकत आणत आणि तितक्याच तयारीनं पाडत. ते कैकदा म्हणाले, "अरे यार, क्रिस्टल बदल लो ना, नंबर वेगळा होईल! मी दिल्लीहून आणून देतो. दोघं एकदम उडवा." पण दोघांनी ते कधी मनावर घेतलं नाही. एकानं उतरवायचं, चिमटा दुसऱ्याच्या हातात द्यायचा, आणि त्यानं उडवताना पहिल्यानं बाजूला उभं राहून "हं, आता वळव" म्हणायचं. इतकी वर्षं असंच चाललं होतं.

मग रत्नपालनं तो कॅमेरा आणला.

दुकानांसाठीच्या मालात दिल्लीहून आला होता. बोरापेक्षा थोडा मोठा, स्वस्त, बिनतारी. रत्नपालनं तो रबरबँडनं विमानाच्या पोटाशी बांधला, शेजारी चौकोनी बॅटरी चिकटवली, आणि कडुलिंबाखाली अशोकभियांच्या गाडीच्या बॅटरीवर एक छोटा ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्ही लावला. विमान वर गेलं. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग आडव्या रेघा, आणि मग अचानक, तिरकी होत, पोलोग्राउंडची पत्र्याची छपरं.

"ओ भिया!" अशोकभिया उडालेच. "आपण तर वर बसलोय!"

त्या दिवसापासून विमानाकडे बघायचं लोकांनी सोडलं. सगळे पाठ आकाशाकडे करून पडद्याला चिकटू लागले. दौलतराव उलटं उडवत, गिरक्या घेत, जमिनीला घासत नेत, कडुलिंबाखालून एवढंच विचारलं जायचं, "रत्नपालचं केव्हा?" आणि रत्नपालच्या विमानाचे पंख कोणी बांधले, हे तर कोणी विचारतच नव्हतं. पंख कॅमेऱ्यात येत नाहीत.

तरी एवढं सोसलं असतं. पण एका रविवारी रत्नपाल चहाला घरी आला आणि मंगलाबाईंना म्हणाला, "वहिनी, या की एकदा. भिंतीच्या वरून मिल आतून दिसते."

मंगलाबाईंचा हात गाळणीवर थांबला. त्यांचे वडील त्या मिलमध्ये मागावर होते. शाळेत असताना त्या रोज डबा घेऊन फाटकापर्यंत जायच्या. फाटकाच्या आत बायकापोरांना मज्जाव. वडील तिथेच म्हातारे झाले, मिलनंतर वर्षभरात गेलेही, पण ते बसायचे कुठे, उभे कुठे राहायचे, हे मंगलाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"खरंच दिसते?"

"ढगांतून बघितल्यासारखी. पण दिसते."

"येते," मंगलाबाई म्हणाल्या. नवऱ्याकडे न बघता.

दौलतराव बशीतला चहा फुंकत राहिले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. त्यांची बाई एकदाच विमान बघायला आली होती, लग्नाच्या वर्षी, तेव्हाच्या मैदानावर. त्यानंतर 'माझ्या साडीवर तेल उडतं' म्हणून जी थांबली ती थांबलीच. पन्नास विमानं त्यांनी याच घरात बांधली, न्हाणीघरात रंगवली, पलंगाखाली ठेवली. तिनं कधी मान वर करून एक पाहिलं नाही. आणि आता त्या बोराएवढ्या डोळ्यासाठी रत्नपालला 'येते'!

ती नुसती आली नाही, पोह्यांचा डबा घेऊन आली. वर शेव आणि जीरावन मसाला. कडुलिंबाखाली चादर टाकली गेली, अशोकभियांनी "भाभीजी, व्हीआयपी सीट" म्हणून मधली जागा दिली. रत्नपालचं विमान भिंतीपलीकडे गेलं आणि पडद्यावर मिलचं दातेरी छप्पर आलं, तेव्हा दौलतरावांनी बायकोचा चेहरा पाहिला. इतकी वर्षं ते जो चेहरा आपल्या एखाद्या गिरकीला मिळावा म्हणून वाट बघत होते, तो हाच होता. डोळे मोठे, तोंड किंचित उघडं. तो एका मुंग्या आलेल्या पडद्याला मिळत होता.

"ते काय रत्नपाल, ते लांबडं?"

"मला दिसत नाहीये वहिनी, मी वर बघतोय! तुम्हीच सांगा काय आहे ते."

"अय्या, झाड उगवलंय छपरातून!"

मग दर रविवार असाच. आणि दर रविवारी दौलतरावांची पाळी थोडी थोडी आखडत गेली. तक्रार कशी करणार? कारण मागणारी घरचीच. एकदा तर रत्नपालनं विमान उतरवलं, टाकी भरली आणि चिमटा हातात न देताच म्हणाला, "दादा, फक्त एक राउंड अजून. वहिनींना मागची बाजू दाखवायची राहिली."

"हो हो, दाखव ना," दौलतराव म्हणाले. इतक्या गोड आवाजात, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "मी तोवर एंजिन बघतो."

ते आपला रेडिओ घेऊन मैदानाच्या पार टोकाला, बाभळीपाशी गेले. एंजिन अर्थात कडुलिंबाखालीच राहिलं होतं.

तिथून चादर दिसत होती. मंगलाबाईंची पाठ, रत्नपालची ताठ मान आकाशाकडे, अशोकभियांच्या तोंडात पोहे. विमान भिंतीवर घिरट्या घालत होतं. माझे पंख, दौलतरावांच्या मनात आलं. माझा रेडिओ. माझा नंबर. माझी बायको. फक्त कॅमेरा त्याचा, आणि लोक म्हणतात सगळं त्याचंच.

त्यांनी अँटेना ओढली. कांडी कांडी करत ती पूर्ण बाहेर आली. अंगठा बटणावर ठेवला.

फक्त एक झटका. विमान डुलेल, लोक दचकतील, रत्नपाल घाबरून उतरवेल. कोणीतरी म्हणेलच, कॅमेऱ्याचं वजन झालं. मग आपण म्हणू, मी सांगतच होतो. कोणाचं काही जाणार नाही. हे सगळं त्यांनी स्वतःला समजावलं आणि त्यातलं एक अक्षर त्यांना पटलं नाही. इतक्या खाली एका झटक्यात काय होतं, हे मैदानात त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनीच तर सगळ्यांना शिकवलं होतं. तरी अंगठा हलेना. ना पुढे, ना मागे.

आणि विमान उतरायला म्हणून वळलं. त्या दिवशी वारा उलटा होता, त्यामुळे ते बाभळीकडून आलं. खाली, आणखी खाली, सरळ त्यांच्या डोक्यावरून.

कडुलिंबाखालून आरडाओरडा झाला. "अरे भाभीजी, ये क्या कर दिया!"

दौलतरावांनी बघितलं. टीव्हीसमोर सगळे उभे राहिले होते, पडदा पांढरा झाला होता आणि मंगलाबाईंचा हात टीव्हीच्या बटणावर होता. "मला वाटलं आवाज मोठा होईल," त्या म्हणत होत्या.

"आवाज? भाभीजी, त्यात आवाज कुठे आहे?"

"मला काय माहीत बाई," त्या म्हणाल्या. पण त्या अशोकभियांकडे बघत नव्हत्या, टीव्हीकडेही नाही. त्या मान वळवून, अख्ख्या मैदानावरून, बाभळीकडे बघत होत्या.

दौलतरावांनी अँटेना आत ढकलली. अडकली. पुन्हा ढकलली.

रत्नपाल विमान उतरवून पळत आला, घामानं डबडबलेला. चिमटा पुढे केला. "घ्या दादा, तुमचा टर्न. सॉरी हं, फार झालं आज."

"नको. एंजिन गरम होतंय," दौलतराव म्हणाले.

घरी पोचल्या पोचल्या मंगलाबाईंनी पदर खोचला. वरणभात वाढला, लिंबाची फोड ठेवली, तूप घातलं. भांडणाच्या दिवशी तूप नसायचं, हे दौलतरावांना ठाऊक होतं, म्हणून त्यांना जास्त भीती वाटली.

"वरून टक्कल दिसतं तुमचं," त्या अखेर म्हणाल्या.

दौलतरावांनी घास खाली ठेवला.

"एवढासा माणूस, बाभळीखाली एकटा. मला आधी कळलंच नाही कोण ते. मग हातात काहीतरी चमकलं."

"अजून कोणी..."

"नाही. अशोकभियांना मी नेमकी तेव्हाच शेव वाढली होती. बाकीच्यांना कळायच्या आत बटण फिरवलं." त्यांनी स्वतःच्या ताटात भात घेतला. "चालू केलं होतंत?"

"नाही."

"करणार होतात?"

दौलतरावांनी लिंबाच्या फोडीकडे बघितलं. खोटं बोलायला ती फारच छोटी जागा होती. "माहीत नाही," ते म्हणाले. आणि मग, कोणी न विचारता, "तू माझं एकसुद्धा विमान बघितलं नाहीस, मंगल. एकसुद्धा."

त्या हसल्या. वाईट नाही, पण हसल्या. "लग्नाच्या वर्षी आले होते की. नवी साडी नेसून. तुम्ही म्हणालात, 'तिथे लांब उभी राहा, पंखा लागेल.' मी राहिले उभी. ऊन डोक्यावर आलं. मग तुम्ही विमान पिशवीत भरलं, सायकलवर बसलात आणि घरी गेलात."

"मी?"

"घरी जाऊन जेवायला बसलात. आईंनी विचारलं, सूनबाई कुठे आहे, तेव्हा परत आलात न्यायला."

दौलतरावांना यातलं काही आठवत नव्हतं. आठवत नाही म्हणूनच ते खरं असणार, हे त्यांना लगेच कळलं. "तू तर तेल उडतं म्हणालीस."

"मग काय सांगायचं होतं? नवरा विसरून गेला?" त्यांनी ताटात बोट फिरवलं. "तो रत्नपाल विचारतो हो, वहिनी काय दिसतंय. त्याला स्वतःला दिसत नाही ना, म्हणून विचारतो. पण विचारतो."

म्हणजे हेवा करायचा तर नेमका कशाचा, हेच आता दौलतरावांना नव्यानं ठरवावं लागणार होतं. कॅमेरा तर ते उद्या पलासियाला जाऊन विकत आणू शकले असते.

पुढच्या रविवारी त्यांनी ठरवलं, जायचं नाही. पाठ दुखतेय म्हणून सांगायचं. मंगलाबाईंनी पोह्यांचा डबा भरला, चपला घातल्या आणि दारात उभ्या राहिल्या. "चला."

"पाठ..."

"चला हो. आज नाही गेलात तर पुढच्या रविवारीही दुखेल."

मैदानात रत्नपालनं त्यांना बघताच स्वतःचा रेडिओ, चिमट्यासकट, पुढे धरला. दौलतराव एक पाऊल मागे सरले. याला कळलं, त्यांना वाटलं.

"दादा, एक काम होतं. नाही म्हणू नका."

"काय?"

"आज माझं विमान तुम्ही उडवा. मला टीव्ही बघायचाय." रत्नपाल लाजला. एवढा ताठ पाठीचा माणूस पण कानापर्यंत लाजला. "सगळ्यांनी बघितलं, बकऱ्यांनीसुद्धा बघितलं असेल. मीच नाही बघितलं. उडवताना डोळे वर ठेवू का खाली? घरी बायको विचारते, काय दिसतं रे, तर मी वहिनींनी सांगितलेलं सांगतो."

"अशोकभियांना सांग ना."

"हो का? त्यांनी आपलं नवंकोरं मागच्या महिन्यात बकरीवर उतरवलं."

"ती मध्ये आली होती भिया!" अशोकभिया लांबूनच ओरडले. "बकरीची गलती होती!"

"नको रे," दौलतराव म्हणाले. "माझ्या हातून पडलंबिडलं तर?"

"तुमच्या हातून?" रत्नपाल असा हसला, जणू कोणी म्हणालं होतं की कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या दगडी छत्र्या काल रात्री चालत निघून गेल्या.

दौलतरावांनी बायकोकडे बघितलं. मैदानात एकटीच अशी होती, जी आता 'नको' म्हणू शकली असती. एक शब्दही पुरला असता. मंगलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग चादरीवर बाजूला सरकल्या आणि शेजारची जागा हातानं झाडली. "बस रत्नपाल. इथून स्वच्छ दिसतं."

दौलतरावांनी विमान वर नेलं आणि पहिल्याच वळणाला त्यांचे दात आवळले गेले. विमान सरळ राहीचना. कॅमेऱ्याची बॅटरी एका अंगाला चिकटवलेली. डावा पंख सारखा खाली ओढत होता. उजवी दांडी एक क्षण सोडली की कलंडलंच. त्यांनी मनात रत्नपालला दोन शिव्या घातल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की हा पोरगा इतके रविवार हे असलं विमान धरून ठेवत होता. चादरीवर हशा चालला असताना त्याची बोटं वळत असणार. त्या घामाचा आपण हेवा केला. त्यांना थोडं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही.

भिंत ओलांडली. मागून आवाज आला.

"आईशप्पथ!" हा रत्नपाल. "वहिनी, हे असं दिसतं?"

"मग! ती बघ, ती दातेरी छपरं. त्याच्या पलीकडे माग होते. बाबा तिकडे."

"आणि ते काळं?"

"ते तर मलाही नाही कळलं अजून. मी म्हणते कोळशाचं असेल."

"नाही वहिनी, पाणी आहे ते. हललं बघा."

"हललं? कुठे? थांब, जवळ सरकू दे."

दौलतरावांना मान वळवायची होती. इतकी, की मानेची शीर दुखली. पण विमान इतकं खाली होतं की डोळा काढला असता तर ते दातेरी छपरात जाऊन बसलं असतं. त्यांच्या मागे दोन हातांवर त्यांची बायको आणि त्यांचा चेला डोक्याला डोकं लावून बसले होते, काहीतरी बघत होते, आणि ते स्वतः त्यांना ते दाखवत असूनही त्यात नव्हते.

"अहो, डावीकडे घ्या!" मंगलाबाई ओरडल्या.

त्यांनी घेतलं.

"फार झालं! सरळ, सरळ. आता थोडं खाली."

"खाली नको दादा!" रत्नपाल किंचाळला. "चिमणी आहे पुढे!"

"तू गप रे, त्यांना माहितीये चिमणी कुठे आहे ते. हं, आता परत डावीकडे. अस्संच."

पंचवीस वर्षांत त्यांच्या विमानाला कोणी वाट सांगितली नव्हती. सांगितली असती तर त्यांनी ऐकलीही नसती. त्यांनी उजवी दांडी दाबून धरली, डावा पंख उचलला, आणि आकाशाकडे बघतच विचारलं, "मंगल, काय दिसतंय?"

 मागे रत्नपाल हळूच काहीतरी म्हणाला, आणि मंगलाबाई हसल्या.

"सांग ना, काय दिसतंय?"

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "आधी बघू तर द्या."

दौलतरावांनी कान मागे लावून, नजर वर ठेवून, विमान पुन्हा एकदा मिलवर वळवलं. टाकीत तेल थोडंच उरलं होतं. त्यांनी एंजिन जितकं मंद करता येईल तितकं केलं आणि छपरांवरून, अगदी सावकाश, नेऊ लागले.